2200 रुपयांचा टीव्ही बॉक्स घरात आणला आणि काय झालं

आमच्या आप्पांना क्रिकेट आणि कीर्तन मोठ्या टीव्हीवर बघायची हौस. टीव्ही जुना, म्हणून अमळनेरहून जळगावला दिवाळीच्या खरेदीला गेलो तेव्हा बाजारातल्या एका दुकानातून 2200 रुपयांचा अँड्रॉइड बॉक्स घेतला, म्हणजे टीव्हीला जोडून नेटवरचे चॅनल दाखवणारा डबा. खोक्यावर कंपनीचं धड नाव नव्हतं. "बठ्ठं फुकट शे भाऊ, आयुष्यभर," दुकानदार म्हणाला. बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. चॅनलचं अ‍ॅप चालायला आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोक्याची अ‍ॅप ओळखणारी गूगलची राखण, बंद करा, हेही त्यानेच सांगितलं. आम्ही केलं.

महिनाभरात मुलीचा ऑनलाइन क्लास अडकायला लागला. गूगलवर काहीही शोधलं की आधी चित्रं ओळखायला लावायचं, घरातल्या प्रत्येक फोनवर. एका रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो. सगळे झोपलेले, टीव्ही बंद, आणि राउटरचा हिरवा दिवा नुसता फडफडत होता. बॉक्सचा प्लग काढला, दिवा शांत. पुन्हा लावला, दोन मिनिटांत तेच.

सकाळी नेटवाला आला. "भाऊ, तुमच्याकडून रात्रभर अपलोड चालू असतं," तो म्हणाला. अशा काही बॉक्समध्ये व्हायरस कारखान्यातूनच भरलेला येतो, काहींमध्ये असल्या अ‍ॅपबरोबर शिरतो. मग कुठलेतरी लोक आपल्या घराचं कनेक्शन वापरून खोट्या जाहिरातींवर क्लिक करतात, चोरलेले पासवर्ड चालवून बघतात, आणि समोरच्याला पत्ता दिसतो तो आपल्या घराचा. हे ऐकून माझे हातपाय गार पडले. उद्या पोलीस दारात आले असते तर आप्पांनी काय सांगितलं असतं?

ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने 'बॅडबॉक्स 2.0' नावाच्या अशाच जाळ्याबद्दल इशारा दिला होता. पुढच्याच महिन्यात गूगलने ते चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. 1 कोटीहून जास्त उपकरणं त्यात अडकल्याचं गूगलचं म्हणणं.

रिसेट मारून बघितलं, फरक पडला नाही. व्हायरस मूळ सॉफ्टवेअरमध्येच असला तर रिसेटने तो जात नाही. दुकानदाराने "सील तोडलं ना तुम्ही" म्हणून हात वर केले. राउटरचा पासवर्ड बदलला, घरातल्या सगळ्या खात्यांचे बदलले, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकली.

तुमच्याकडे असा बिननावाचा बॉक्स असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'प्रमाणित', म्हणजे गूगलने मान्य केलेला, आहे का ते आजच बघा. नसेल तर प्लग काढा. दारावरच्या स्वस्त कॅमेऱ्याचा पासवर्डही बदला. 2016 मध्ये 'मिराय' व्हायरस कंपनीने दिलेल्या, कुणीच न बदललेल्या पासवर्डमधूनच लाखो उपकरणांत शिरला होता.

माय म्हणत होती, टाकून कशाला देतोस, मामाच्या पोराला दे. मी बॉक्सची वायर कापली, आतली पट्टी पकडीने मोडली आणि मगच तो भंगारात दिला.