रक्ताचा फ्रिज पुसायला हायपोक्लोराइट की स्पिरिट?

शहादा, चोपड्यासारख्या ठिकाणच्या रक्त साठवण केंद्रात हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) आणि स्पिरिट (अल्कोहोल) या दोन्ही बाटल्या हाताशी असतात, म्हणून गोंधळ होतो. यातलं कोणतंही वापरलं तरी आधी रक्ताच्या पिशव्या 2 ते 6 अंशांच्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवा आणि प्लग काढा.

जंतुनाश: पिशवी फुटून रक्त सांडलं तर हायपोक्लोराइटच. रक्त आधी कागदाने टिपा, मग 1 टक्क्याचं द्रावण (5 टक्क्यांच्या बाटलीतला 1 भाग, पाणी 4 भाग) किमान 10 मिनिटं राहू द्या. 70 टक्के स्पिरिट इथे फसतं: त्याने रक्तातली प्रथिनं गोठतात, जंतू त्याखाली वाचतात.

झीज: हायपोक्लोराइट स्टीलला खड्डे पाडतं. साध्या पाण्याने दोनदा पुसलं नाही तर ट्रेच्या कडा गंजतात. स्पिरिट स्टीलला चालतं, पण ज्वलनशील आहे. दार उघडं ठेवून वाफ पूर्ण उडाल्यावरच प्लग लावा. दाराच्या रबराला दोन्ही नकोत, सौम्य साबणपाणी पुरे.

खर्च: हायपोक्लोराइट स्वस्त, पण द्रावण रोज ताजं करावं लागतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात मूळ बाटलीही लवकर निकामी होते, ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. दोन्ही एकत्र कधीच करू नका, विषारी वायू होतो.

नेहमीच्या सफाईला साबणपाणी, त्यावर स्पिरिट. सांडलेल्या रक्ताला हायपोक्लोराइट. पिशव्या परत ठेवायच्या त्या तापमान 4 अंशांवर स्थिरावल्यावर आणि अलार्म तपासल्यावरच.