आउटबोर्डची गंजलेली टाकी 'आतून कोटिंग'ला देण्याआधी हे वाचा

जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची (होडीच्या मागे लावायच्या मशीनची) लोखंडी पेट्रोलची टाकी ज्यांच्याकडे अजून वापरात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या मालवण-देवबागकडे अशा टाक्या अजून दिसतात. मशीन कितीही जुनं असलं तरी चालतं, म्हणून लोक टाकीही टिकवून ठेवतात. आणि ही टिकवण्याची गरज ओळखूनच टाकी साफ करून देणारी माणसं फिरतात. त्यातल्या एकाने आम्हाला कसं फसवलं ते सविस्तर सांगतो. पैसे गेले हे दुःख आहेच, पण या कामातली फसवणूक समुद्रात गेल्यावर उघड होते आणि तिथे होडीत माणसं असतात.

टाकी गंजते मुख्यतः पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मशीन काढून पडवीत, टाकी अर्धी भरलेली. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल राहिला की दमट हवा आत जाते, रात्री गारठ्याने तिचं पाणी होतं आणि ते तळाला बसतं. पेट्रोलपेक्षा पाणी जड, त्यामुळे गंज आधी तळाच्या कोपऱ्यात धरतो. वरून टाकी लालभडक, रंगाला कुठे ओरखडा नाही, आणि हलवली की आत खरखर ऐकू येते.

आमची टाकी २४ लिटरची. दादाने बंदी संपायच्या आधी ती हलवून पाहिली, बॅटरी मारून आत बघितलं तर तळ तपकिरी. बंदरावर एकाचं नाव बरेच जण घेत होते. तो स्वतः येऊन टाकी घेऊन जाई. दर ३,५०० रुपये. ॲसिडने धुणं, आतून 'मरीन कोटिंग', नवा फिल्टर, सगळं त्यातच. म्हणाला, "आतून चांदीसारखी करून देतंय. धा वर्सां बघूची गरज नाय."

टाकी परत आली ती बाहेरून नव्याने रंगवलेली. सोबत त्याने दोन गोष्टी दाखवल्या. एका बाटलीत गढूळ लाल पाणी, 'हा तुमच्या टाकीतला गंज' म्हणून. आणि मोबाइलवर एक व्हिडिओ, एका टाकीच्या तोंडातून आतलं लखलखीत पत्रं दिसतंय. दादाने बॅटरी मारून बघितलं, आत खरंच सगळं रुपेरी. पैसे मोबाइलवरून दिले.

तो व्हिडिओ दादाने मागून घेतला होता. नंतर मी तो शांतपणे पाहिला. आमच्या टाकीला पिकअपच्या, म्हणजे पेट्रोल ओढून घेणाऱ्या नळीची आणि पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याची प्लेट आहे, ती स्क्रूंनी बसते आणि त्या स्क्रूंची भोकं तोंडाच्या कडेला दिसतात. व्हिडिओतल्या टाकीला एकही भोक नव्हतं. तोंड गोल आणि आत खाली उतरलेली कॉलर, म्हणजे मोटारसायकलची टाकी. तोच व्हिडिओ तो सगळ्यांना दाखवत असणार. लाल पाण्याचंही तसंच, बाटलीत कुणाच्याही टाकीतलं पाणी भरता येतं.

सुरुवातीला मशीन बरं चाललं. मग गती वाढवली की धाप लागल्यासारखं करू लागलं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबला की पुन्हा चालायचं. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला कार्बोरेटर गेलाय, किट बदलावं लागेल, वेगळे २,२०० रुपये. दादा त्याचा विचार करत असतानाच कर्ली खाडीच्या मुखाजवळ मशीन बंद पडलं. ज्यांनी ते मुख पाहिलंय त्यांना सांगायला नको. खाडीचं पाणी बाहेर ओढत असतं, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत असतात आणि होडी आडवी झाली की सावरायला वेळ मिळत नाही. होडीत दादा आणि माझा पुतण्या. पुतण्याने नांगर टाकला, नशिबाने तो धरला, आणि मागून येणाऱ्या होडीने दोरी देऊन त्यांना आत आणलं. एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

घरी आल्यावर फिल्टर उघडला. जाळीवर लालसर चिखल आणि रुपेरी पापुद्रे. एक पापुद्रा बोटावर घेतला. नखाएवढा, ॲल्युमिनियम रंगाचा. उलटा केला तर मागची बाजू पूर्ण गंजाची, तपकिरी, बोटाला पूड लागणारी. म्हणजे कोटिंग पत्र्यावर चढलंच नव्हतं, गंजावर चढलं होतं, आणि गंज सुटला तसं तेही सुटलं. फिल्टरही जुनाच निघाला. त्याच्या कडेला दादाच्या पक्कडीचा जुना चरा होता, तो तसाच.

आतली खात्री करायला टाकी कापली. (पेट्रोलची टाकी कापताना ती काठोकाठ पाण्याने भरून, रिकामी करून, पुन्हा धुऊन, हाताच्या करवतीनेच कापावी. ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतल्या वाफेचा स्फोट होतो आणि त्यात माणसं मेली आहेत.) तोंडासमोरचा भाग, म्हणजे बॅटरी मारल्यावर दिसतो तेवढा, घासलेला आणि रंगवलेला. पिकअपच्या जाळीखालचा कोपरा आणि मागची बाजू, जिथे नजर पोचत नाही, तिथे जुना गाळ तसाच, त्यावर रंग ओतलेला. रंग होता तो साधा ॲल्युमिनियम पेंट. नखाने खरवडला आणि पेट्रोलच्या वाटीत टाकला तर तासाभरात मऊ पडला. टाकीचं खरं कोटिंग, दोन भाग मिसळून करायचं इपॉक्सी, एकदा पुरतं वाळलं की पेट्रोलने मऊ पडत नाही.

ॲसिडबद्दलही सांगतो, कारण बरेच जण 'जोरात मारा' म्हणून आग्रह धरतात. अशी माणसं बहुतेक संडास धुवायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, वापरतात. ते गंज खातं तसं चांगलं पत्रंही खातं, शिवण आणि पातळ झालेल्या जागा आणखी पातळ करतं. जुन्या टाकीला आतून कथील-शिशाचा मुलामा असेल तर तोही जातो. ॲसिड धुऊन सोड्याने त्याचा जोर मारला नाही तर पत्रं ओलं असतानाच पुन्हा लाल होतं, तेही काही मिनिटांत. आमच्या टाकीच्या शिवणीवर तसा ताजा, नारिंगी गंज होता, जुन्या काळपट गंजापेक्षा वेगळा. म्हणजे ॲसिड ओतलं गेलं, पण ते पुरतं धुतलं गेलं नाही आणि पत्रं न वाळवताच रंग ओतला. दोन्हीकडून टाकीचं नुकसान.

नीट काम कसं होतं हे माहीत असेल तर समोरच्याला विचारता येतं. आधी पेट्रोल आणि तेलाचा चिकटा साबणाच्या गरम पाण्याने जायला हवा, कारण तेलकट गंजाला कुठलाही आम्ल पदार्थ लागत नाही. मग आत साखळी किंवा नट घालून, मोजून घालून, टाकी चहूबाजूंनी फिरवायची आणि तेवढेच मोजून बाहेर काढायचे. गंजासाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून ठेवलं तरी चालतं. वेळ लागतो, पण पत्र्याला इजा कमी होते. काही जण १२ व्होल्टच्या चार्जरवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून वीज सोडतात. त्यात टाकी ऋण टोकाला आणि लोखंडी सळई धन टोकाला जोडायची, सळई टाकीला टेकू द्यायची नाही आणि स्टेनलेस स्टीलची सळई घ्यायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम निघतं. यात हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर आणि विडी-काडीपासून लांब. त्यानंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुणं, लगेच वाळवणं आणि लगेच पुढचं काम. ही कामं एका दुपारात संपत नाहीत. कोटिंगच पुरतं वाळायला काही दिवस जातात. आमच्याकडे टाकी सकाळी गेली आणि दुसऱ्या दिवशी भरून वापरायला तयार म्हणून परत आली होती.

खरं सांगायचं तर बऱ्याच टाक्यांना कोटिंग लागतच नाही. गंज वरवरचा असेल तर साफ करून, तेल मिसळलेलं पेट्रोल फिरवून, बंदीत पूर्ण रिकामी आणि कोरडी करून ठेवली की पुरे. कोटिंग हवं असेल तर चढवायच्या आधी टाकी स्वतः उघडून बघा. हा एक हट्ट सोडू नका. स्वस्त एंडोस्कोप कॅमेरा मोबाइलला लावून कोपऱ्यांत घालता येतो. उघडं, राखाडी, कोरडं पत्रं प्रत्येक कोपऱ्यात दिसलं तरच हो म्हणा. रंग एकदा चढला की खाली काय आहे ते टाकी कापल्याशिवाय कळत नाही, आणि हा माणूस त्यावरच जगतो. टाकीवर तळाला खिळ्याने एखादी खूण करून द्या आणि व्हिडिओत ती खूण दिसलीच पाहिजे असं आधीच सांगा. पिकअपची नळी, जाळी, फिल्टर काढून घरी ठेवा आणि टाकीच द्या. पत्र्याला टोच्याने हलकं टोचून बघा. सुई घुसण्याइतकं पातळ झालं असेल तर कोटिंगचे पैसे वाया आहेत, प्लास्टिकची टाकी घ्या.

टाकी कापायच्या आधी जाब विचारायला गेलो होतो, तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. "तुमच्या पेट्रोलातच पाणी असा. आताचा पेट्रोलच तसला." या उत्तरात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून लोक गप्प बसतात. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला जातं, पेट्रोल वर राहतं. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलात मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलात राहतं आणि पिकअप तळाचं, तेल नसलेलं पाणी ओढतो. पिस्टन धरायला तेवढं पुरतं. पण हे तपासता येतं. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि थांबा. दोन थर दिसले तर पाणी आहे. आम्ही त्याच्यासमोर बाटली धरली, एकच थर होता आणि तळाला रुपेरी पापुद्रे बसले होते. त्यावर त्याने विषय बदलून टाकी फुकटात पुन्हा करून देतो म्हटलं. आम्ही नाही म्हटलं.

गंजाने आणि पापुद्र्यांनी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, तुंबण्याचा धोका पैशांपेक्षा मोठा आहे. आमच्या मशीनला पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली तेल. पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं. मशीन एकदम बंद पडलं म्हणून वाचलं. धाप लागत लागत पूर्ण गतीला तसंच रेटलं असतं तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही गेले असते, आणि या मॉडेलचे भाग आता सहज मिळत नाहीत.

त्याने बिल दिलं नव्हतं, एका चिठ्ठीवर 'टाकी कोटिंग + फिल्टर, ३,५००' लिहून सही केली होती. ती चिठ्ठी, मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद, त्याच्या मेसेजमधलं 'मरीन कोटिंग' आणि तो दुसऱ्याच टाकीचा व्हिडिओ, एवढं हातात आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. बंदरावर काही जण म्हणाले, होडी धंद्याची आहे, ग्राहक म्हणून तुम्हाला दाद मिळणार नाही. तसं सरसकट नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या चरितार्थासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

कापलेल्या टाकीचे दोन्ही भाग आमच्या पडवीत ठेवले आहेत, पुरावा म्हणून त्यांना हात लावलेला नाही. ज्यांनी याच पद्धतीने टाकी करून घेतली आहे त्यांनी समुद्रात जायच्या आधी फिल्टर उघडून जाळी बघावी आणि रुपेरी पापुद्रा दिसला तर तो कागदात गुंडाळून तारीख घालून ठेवावा. चिठ्ठी, फोटो, मेसेज पुसू नका. तक्रारीला तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे गेल्या मोसमात फसलेल्यांनाही अजून वेळ आहे.