पीव्हीसी, नायट्राइल की पॉलियुरेथेन? रुग्णालय-प्रयोगशाळेसाठी मॅट घेताना

मॅट निवडताना बहुतेक जण आधी तिच्यावर उभं राहून बघतात. पायाला मऊ लागली की पसंत. तासन्‌तास उभ्यानं काम करणाऱ्यांच्या टाचा-कंबरेचा विचार हवाच, पण माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: ही मॅट रोज कशानं पुसली जाणार आणि तिच्यावर काय सांडणार?

पीव्हीसी फोमची मॅट सहसा स्वस्त पडते. हायपोक्लोराइटचं (ब्लीचचं) सौम्य द्रावण तिला चालतं, अॅसिटोन मात्र नाही. सांडलं तर पृष्ठभाग मऊ पडून चिकट होतो. अल्कोहोलनं वारंवार पुसली तर प्लास्टिकला लवचीक ठेवणारा घटक हळूहळू निघून जातो, मॅट कडक होते, बारीक भेगा पडतात. त्या भेगांत रक्त शिरलं की वरून कितीही पुसा, ते आतच राहतं. नोंदणी खिडकी किंवा औषधवाटपाच्या काउंटरमागे ही पुरेशी आहे. नमुने हाताळले जातात तिथे मी ती सुचवणार नाही.

नायट्राइल रबर तेल, चरबी, डिझेलसारख्या गोष्टींना दाद देत नाही. काही नायट्राइल मॅट १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्हही (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) करता येतात. पॅथॉलॉजीच्या टेबलापाशी माझा कल हिच्याकडे. पण अॅसिटोन, क्लोरोफॉर्म यांनी तीही फुगते, म्हणून ‘केमिकलप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. नैसर्गिक रबर तर टाळाच: ते तेलानं फुगतं, शिवाय लॅटेक्सची अॅलर्जी असणारे कर्मचारी असतात.

पॉलियुरेथेन दाबाखाली लवकर बसत नाही, त्यामुळे लांबलेल्या शस्त्रक्रियेत उभं राहायला उत्तम. एकसंध साच्यातली, बंद पृष्ठभागाची घ्या. तीव्र आम्ल आणि सततची गरम ओल हे तिचे शत्रू.

चिकट थरांची, वरचा थर सोलून काढायची मॅट ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दारात मागितली जाते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २००३ची मार्गदर्शक तत्त्वं ओटीच्या दाराशी ती वापरू नका असंच सांगतात. बांधकाम चालू असलेल्या भागातून येणारी धूळ अडवायला ती ठीक. द्रव नायट्रोजन ओतायच्या जागी मात्र कुठलीच साधी मॅट नको. उणे १९६ अंशांला रबर काचेसारखं तडकतं.

कडा उतरत्या हव्यात, नाहीतर ट्रॉलीचं चाक अडतं आणि माणूस ठेचकाळतो. मॅट एका माणसाला उचलता यायला हवी, कारण खालची फरशी पुसली गेली नाही तर तिथे ओल साचून राहते.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून तळहाताएवढा तुकडा मागा. तुमचंच जंतुनाशक आणि तुमचंच सॉल्व्हंट (अॅसिटोनसारखं द्रावक) वेगवेगळ्या कोपऱ्यांवर टाकून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी नखानं दाबून बघा: फुगलाय का, चिकटतोय का, पांढऱ्या कापडाला रंग लागतोय का.