स्पिटफायरच्या खुर्चीचे पट्टे : एका शिंप्याचा अभिप्राय

माझा धंदा पँटी-शर्ट शिवायचा. कोल्हापुरात गंगावेशीजवळ एकतीस वर्षं एकच गाळा, दोन मशिनी आणि कापायचं एक लांब टेबल. रात्री आठला शटर अर्ध्यावर ओढलं की त्याच टेबलावर मी विमानं करतो. प्लॅस्टिकची, किटची. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक आहे. "मास्तर, पँट झाली का?" असं विचारताना त्यांची नजर कपाटावर असते.

सध्या टेबलावर तामिया या जपानी कंपनीची एकास बत्तीस मापाची स्पिटफायर आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या अनेक आवृत्त्यांपैकी ही मार्क ८. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे माझ्या फुटपट्टीहून दोन बोटं जास्त. भाचा जर्मनीत असतो, त्यानं येताना आणली. मार्क ८ च हवी असं मी सांगितलं होतं, कारण १९४४ साली आपल्या हवाई दलाच्या ८ नंबरच्या स्क्वाड्रनला हीच मिळाली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर ती लढली. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात मी स्पिटफायर पाहिली आहे, पण ती मार्क १८. तिथं आत डोकावता येत नाही. दोरीच्या अलीकडून मान लांब करून जेवढं दिसलं तेवढंच.

किटबद्दल लांबण लावत नाही. इंजिनावरची पत्र्याची झाकणं लोहचुंबकावर बसतात, काढली की आत अख्खं मर्लिन इंजिन. पंखांच्या झडपा धातूच्या सळईवर हलतात. जोड असा बसतो की पुटीचा डबा मी उघडलाच नाही. मला लिहायचंय ते खुर्चीच्या पट्ट्यांबद्दल. ते मी वेगळे मागवले, एचजीडब्ल्यू या झेक कंपनीचे, कापडी.

किटमध्ये पट्टे नाहीत असं नाही. पातळ धातूच्या पत्र्यावर कोरलेले येतात, रंग द्यायचा, वाकवायचे, चिकटवायचे. नक्षी सुरेख असते. पण पत्रा तो पत्राच. तो वाकतो, पडत नाही. कापड हातातून सोडलं की आपल्या वजनानं खाली येतं, कडेवर क्षणभर अडकतं, मग दुमडतं. पत्र्याला तुम्ही जिथं वाकवाल तिथंच घडी पडते आणि दुसरीकडे तो ताठ राहतो, नव्या बुटांत चालणाऱ्या नवरदेवासारखा. लहान मापाच्या विमानात हे खपून जातं. बत्तीसात खुर्ची अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी असते. तिथं पहिली नजर पट्ट्यांवर जाते.

आता माप बघा. खरा पट्टा दोन इंची धरला तर मॉडेलवर दीड मिलिमीटरच्या जरा वर. जाडी तीन मिलिमीटर धरली तर इथं मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे झेरॉक्सचा साधा कागद असतो तेवढी. त्याहून जाड काहीही घातलं की वैमानिकाच्या खांद्यावर गादी टाकल्यासारखं दिसतं. एचजीडब्ल्यूचा पट्टा या हिशेबात बसतो. मी तो बोटांच्या चिमटीत फिरवून पाहिला, धंद्याची सवय. ते विणलेलं कापड नाही. बारीक पोताचा कागदासारखा पदार्थ आहे, त्याच्यावर रंग आणि टीप छापलेली, लेसरनं कापलेला. टीप म्हणजे शिवणीचे टाके! दोन्ही कडांना ओळीत. भिंग लावून बघितलं तेव्हा मी शटर पूर्ण खाली ओढलं आणि अर्धा तास तेच बघत बसलो.

स्पिटफायरचा हा पट्टा साधा नव्हे. त्याला सटन हार्नेस म्हणतात, पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश वैमानिकाच्या नावावरून. चार पट्टे, दोन खांद्यांवरून आणि दोन मांड्यांवरून. प्रत्येकावर ओळीनं पितळी कडी बसवलेली भोकं, आपल्या कमरेच्या पट्ट्याला असतात तशी. एका पट्ट्यावर निमुळती खुंटी, तिच्यावर बाकीचे तीन एकावर एक चढवायचे आणि वरून पिन मारायची. सुटायचं असेल तर पिन उपसायची, चारही एकदम मोकळे. खांद्याचे दोन पट्टे पाठीमागं एकत्र येतात आणि तिथून तार विमानाच्या शेपटीकडे जाते. वैमानिकाला पुढे वाकायचं असेल तर ते सैल करायची सोय होती. हे सगळं माहीत नसताना पट्टे चिकटवले की ते कुठूनही उगवतात आणि कुठेही संपतात. बऱ्याच मॉडेलांत मी खांद्याचे पट्टे खुर्चीच्या पाठीवरच चिकटवून संपलेले बघितलेत. बाहीला काखच नसावी तसं ते दिसतं.

बकलं वेगळी येतात, कोरलेल्या धातूची, पट्टीवर. खरी परीक्षा तिथं. पट्ट्याचं टोक तिरकं कापा, सुईत दोरा ओवताना कापतो तसं, म्हणजे ते बकलातून सरळ जातं. टोकाला गोंदाचं एक बोट लावून वाळू दिलं की आणखी सोपं, बुटाच्या नाडीचं टोक कडक असतं तोच प्रकार. ओवण्याआधी पट्टा बोटांत चुरगाळायचा, मग सरळ करायचा, पुन्हा चुरगाळायचा. नवा पट्टा कोऱ्या मांजरपाटासारखा ताठ असतो, चार वेळा चुरगाळला की मऊ पडतो. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही तो फाडणार." फाटला नाही.

बकल मात्र एक उडालं. चिमट्यातून टिक आवाज झाला आणि गेलं. दुकानात सुया पडल्या की मी चुंबक फिरवतो, सवयीनं तोच काढला आणि पाच मिनिटं टेबलाखाली गुडघ्यावर रांगलो. मग डोक्यात आलं की त्याला लोखंडच नाही, ते काय चिकटणार. शेवटी चिकटपट्टी उलटी करून फरशीवर थोपटत गेलो. दोन टाचण्या, एक हूक, पाच-सहा रंगांचे दोरे आणि सर्वांत शेवटी बकल. तेव्हापासून मी हे काम जुन्या पांढऱ्या चादरीवर करतो, चादरीची एक कड कमरेला खोचून. सोनार मांडीवर तेच करतात.

गोंदाबद्दल माझं मत पक्कं आहे. फेविक्विक कापडी पट्ट्याला लावू नका. तो पट्ट्यात शिरतो, तेवढा भाग काचेसारखा ताठ होतो आणि वाफेनं आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. पट्टा मऊ पडावा म्हणून पैसे मोजले आणि नंतर आपणच त्याला दगड केला. मी फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालतो, सुईच्या टोकानं एक थेंब टेकवतो. ओला असताना पट्टा हवा तसा पाडता येतो, पंधरा मिनिटं वेळ मिळतो. वाळल्यावर दिसत नाही.

खुर्चीबद्दल एक ओळ, कारण पट्टे तिच्यावरच बसायचे. स्पिटफायरची खुर्ची बहुतेकदा तपकिरी-लालसर असते, रंगवलेल्या पत्र्याची नव्हे, राळेत दाबलेल्या कागदाच्या थरांची. तळ खोलगट, कारण वैमानिक गादीवर बसत नसे, पॅराशूटवर बसे. रिकाम्या खुर्चीत पट्टे त्या खळग्यात ढीग होऊन पडतात. ते सुबक दोन समांतर रेषांत ठेवू नका. मांडीचा एक पट्टा मी काठावरून बाहेर लोंबता ठेवला, वैमानिक घाईत उतरला असावा असा. मी आधी दुसऱ्या एका ठिकाणाहून रेझिनची, म्हणजे साच्यात ओतलेली, खुर्ची मागवली होती, नाव लिहीत नाही. कड इतकी जाड की कुठल्या खाणावळीच्या बाकड्यासारखी वाटे, आणि आतून बुडबुड्याची दोन भोकं. पार्सल एकवीस दिवसांनी आलं ते निराळंच. शेवटी किटमधलीच घेतली, तिची कड आतून घासून बारीक केली.

रंग सेटमध्ये तयार येतो, पण तो कोऱ्या कॉलरसारखा. पट्टा कुठं मळतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही. खांद्यावर जिथं मान घासते तिथं, आणि पुढच्या टोकाला जिथं बोटं धरतात तिथं. मधला भाग जवळजवळ स्वच्छ राहतो. तिथंही काळं फासलं तर तो पट्टा न वाटता पोतेरं वाटतं. मी चहाचं गाळलेलं कोरं पाणी घेतलं, दुधाचा नव्हे, कोऱ्या चहाचं, आणि टोकांना दोन वेळा लावलं. टाक्यांच्या ओळीत ते थांबतं आणि टीप उठून दिसते. भोकांच्या कड्यांवर शेवटी पेन्सिलीची टोकं नुसती फिरवली, पितळ झिजल्याची चमक येते.

यावरून आठवलं. मॉडेलात बारकावे घालणाऱ्यांना हल्ली रिव्हेटांचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचं, वेड लागलंय. दातेरी चाकाच्या हत्यारानं पंखभर ठिपके पाडतात. स्पिटफायरच्या पंखाचा पुढचा भाग मुद्दाम गुळगुळीत ठेवलेला असे, हवेला अडथळा नको म्हणून रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसवून वर पुटी भरत. तामियानं जेवढं कोरलंय तेवढं पुरे. शर्टाला जिथं टीप नाही तिथं टीप मारली तर गिऱ्हाईक पैसे देईल का?

पॅनेलवरच्या आणि बाजूच्या छोट्या सूचनांच्या पाट्यांसाठी बाराकुडा कंपनीचा कॉकपिटचा डिकल संच (पाण्यात सोडवून चिकटवायची छापील अक्षरं) वापरला, चांगला आहे, अक्षरं भिंगातून वाचता येतात. एवढंच. कॉकपिटमध्ये बाकी काही वेगळं लावलेलं नाही. दाराच्या आत पहार मात्र सैल ठेवली आहे. खऱ्या विमानात हूड, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, अडकला तर फोडायला ती तिथं असते.

खर्च. मला पट्ट्यांचे साधारण बाराशे रुपये पडले, एका पँटच्या शिलाईच्या दुप्पट. बायकोचं म्हणणं, एवढ्यात चांगला खण आला असता. तिला मी टाके भिंगातून दाखवले. ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा सरळ आहेत." वेळ दोन संध्याकाळी, साधारण पाच तास. चाळिशीचा चष्मा असेल तर डोक्याला बांधायचं भिंग आधी घ्या, पट्टे नंतर. हात थरथरत असेल तर सकाळी चहाआधी बसा. अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर मापात विमान करणाऱ्यानं आणि हूड बंद ठेवणाऱ्यानं यात पैसे घालू नयेत, किटमध्ये जे येतं तेच बास. बत्तीसात हूड उघडा ठेवणार असाल तर घ्याच, आणि पहिला पट्टा वाया जाईल असं धरूनच सुरुवात करा.

मी हूड चिकटवलेला नाही. परवा नेहमीचे शिक्षक पँट न्यायला आले, ट्रायल राहिली बाजूला. मी हूड मागे सरकवला, दार खाली पाडलं, भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, ही टीप तुम्ही मशीनवर मारली?" मी काही बोललो नाही. हूड पुढे घेतला आणि त्यांच्या पँटचं बिल फाडायला घेतलं.