लाँगरायफलचं किट आणि नळाला लावायची पांढरी टेप

अमेरिकेत राहून ठासणीच्या बंदुकीच्या नादाला लागलेली मराठी मंडळी फार नाहीत, पण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एका माणसाने मला लाँगरायफलचं किट म्हणून ११५० डॉलरला भंगार विकलं. आणि इतक्या सफाईने विकलं की बॉक्स उघडून सगळं टेबलावर मांडल्यावर मी बायकोला फोटो काढायला बोलावलं होतं. रिकामा बॉक्स पाठवणारे चोर वेगळे, हा वेगळा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाँगरायफल म्हणजे अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन आणि स्विस कारागिरांनी घडवलेली लांब नळीची बंदूक. त्यांच्या देशातली येगर रायफल आखूड आणि जाड नळीची होती, इथे येऊन नळी लांबली, बोअर म्हणजे नळीचं भोक बारीक झालं, दस्त्याला इथलं मेपल आलं आणि दस्त्यात पितळी झाकणाची पेटी आली. लोक केंटकी रायफल म्हणतात पण घडवल्या त्या बऱ्याचशा इकडेच. मी हॅरिसबर्गजवळ राहतो, म्हणजे त्याच पट्ट्यात. ख्रिसमसनंतर इथे हरणांचा फ्लिंटलॉक सीझन असतो, १९७४ पासून, आणि त्यात बंदूक म्हटली की चकमकीचीच, ठिणगीसाठी दारूची टोपी लावतात ती पण चालत नाही, त्यामुळे ऑफिसात सुद्धा हा विषय निघतोच. शिवाय आमचं आजोळ कणकवलीकडचं, तिथे पीक राखायला लायसनची ठासणीची बंदूक होती, डुकरांसाठी. आजोबा गजाने दारू ठासायचे ते लहानपणी बघितलेलं, तेव्हापासूनची हौस.

किट म्हणजे नळी, अर्धवट कापलेलं दस्त्याचं लाकूड, लॉक म्हणजे ठिणगी पाडणारी कळ, ट्रिगर, दस्त्याच्या मागच्या टोकाची पितळी बटप्लेट, ट्रिगर गार्ड, रॅमरॉड म्हणजे ठासायचा गज वगैरे. एकेक भाग चिझलने लाकडात उतरवत बसायचं, नंतर तासणं, रंग, तेल. चांगलं किट हजार डॉलरच्या वरच जातं. १९६८ च्या फेडरल कायद्यात अशा जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुका 'फायरआर्म' मध्ये धरत नाहीत, म्हणून मध्ये लायसनवाला डीलर लागत नाही, थेट घरी पार्सल येतं. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत ते आपापलं बघा, आणि भारतातल्या लोकांनी तर हा विचारच करू नका, तिकडे ठासणीच्या बंदुकीलाही लायसन लागतं. पण मुद्दा काय, डीलर नाही म्हणजे माल बघणारा तिसरा माणूसच नाही. हे त्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं.

जाहिरातीत गोष्ट अशी होती की वडील वारले, त्यांचं हे शेवटचं किट, हात लागायचा राहून गेला, एखाद्या हौशी माणसाकडे जावं एवढीच इच्छा. हिरव्या कापडावर सगळे पार्ट ओळीने मांडलेले फोटो. पट्टेरी मेपल, म्हणजे ज्याला इकडे कर्ली म्हणतात ते, ४२ इंची स्वॅम्प्ड नळी .५० कॅलिबरची, आणि लॉक एका नामांकित कारागिराकडून ट्यून केलेलं. फोनवर बोलला तेव्हा आवाजही अगदी सभ्य. पैसे मात्र पेपॅलवर फ्रेंड्स अँड फॅमिलीनेच, म्हणजे घरच्यांना पाठवतात त्या पद्धतीनेच पाठवा म्हणाला, कारण काय तर बंदुकीचे पार्ट दिसले की ते अकाउंट बंद करतात. कारण पटण्यासारखं होतं ना, बंदुकांच्या बाबतीत पेपॅलचे नियम कडक आहेतच, आणि इथेच तर गोम आहे, कारण फ्रेंड्स अँड फॅमिलीला पर्चेस प्रोटेक्शन शून्य.

पार्सल वेळेत आलं, चांगलं जड, पॅकिंग झकास, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी 'एन्जॉय द बिल्ड'.

पहिली शंका लाकडाने आणली. कर्ली मेपलचे पट्टे हे लाकडाचे तंतू लाटेसारखे वाढल्यामुळे दिसतात, म्हणून लाकूड उजेडात फिरवलं की गडद पट्टा फिका होतो आणि फिका गडद. माझा दस्ता कसाही फिरवा, पट्टे ढिम्म जागेवर. मग नळी बसते त्या खोबणीत टॉर्च मारून पाहिलं, तर वर कडेपर्यंत आलेले पट्टे काठावरच संपलेले आणि आत सगळं कोरं पांढरं लाकूड! पट्टे लाकडातले असते तर खोबणीतही उतरले असते ना. स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा तपकिरी झाला, पट्टा अर्धा गेला. रंगवलेले होते हो, घरावर नक्षी काढावी तसे. आता खोटे पट्टे काढणं ही काही नवी युक्ती नाही, जुन्या काळीही साध्या मेपलवर पट्टे भाजून उठवायचे, पण ते सांगून विका ना.

नळी त्याहून वाईट. स्वॅम्प्ड नळी मागे जाड, मध्ये कमरेला बारीक आणि तोंडाशी परत थोडी फुललेली असते, म्हणून बंदूक हातात हलकी लागते. मी व्हर्नियर लावला, मागे, मध्ये, तोंडाशी, सगळीकडे तेच माप. सरळसोट नळी. बाहेरून नवीन ब्राऊनिंग करून, म्हणजे तपकिरी रंग चढवून, चकाचक केलेली, पण रॉडला फडकं लावून आत घातलं तर मध्येच अडकलं आणि ओढल्यावर फाटून आलं. कोणीतरी वर्षानुवर्षं काळी दारू उडवून साफ न करता ठेवलेली नळी, आतून गंजाने खड्डेच खड्डे.

आमच्या इथे क्लबमध्ये एक म्हातारे गृहस्थ आहेत, उभी हयात याच बंदुका घडवण्यात गेलीये. त्यांना नळी दाखवली तर ते आत बघायच्या आधी मागचा ब्रीच प्लग बघायला लागले, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा आट्यांचा बोल्ट. दारू पेटते ती बरोबर याच्या पुढ्यात आणि त्याच्या मागे तुमचा चेहरा असतो. नळी व्हाईसमध्ये धरून त्यांनी पाना लावला, तर प्लग हातानेच फिरावा इतका सैल, आणि बाहेर आल्यावर बघतो तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली. नळाला लावतात ती पांढरी टेप! प्लग मुळात दुसऱ्याच कुठल्या नळीचा, निम्मे आटेच पकडत होते, आणि त्याचं तोंड आतल्या खांद्याला टेकतच नव्हतं. म्हातारबुवा एरवी भरपूर बोलतात, तेव्हा काही बोलले नाहीत, प्लग माझ्या हातात दिला आणि हात पुसत बसले. नंतर एवढंच म्हणाले की ही नळी कोणाला फुकटही देऊ नकोस.

लॉकचं सांगायचं तर चकमक ज्या पोलादी पात्यावर घासते, फ्रिझन, ते हार्डन म्हणजे कडक केलेलंच नव्हतं. कडक फ्रिझनवर कानस घसरते, माझ्या फ्रिझनवर कानस सरळ चावली. दहाबारा वेळा घोडा पाडला तर ठिणगी नाही, नुसते ओरखडे. विक्रेता म्हणे तुमची चकमक खराब आहे. आणि हाफ कॉकला, म्हणजे अर्ध्यावरच्या सुरक्षित खाचेत, घोडा अडकवून ट्रिगर जरा दाबला की धाडकन खाली, हे तर भरलेल्या बंदुकीत झालं असतं म्हणजे कल्याणच.

आता त्याची खरी लबाडी. मी तक्रार केली तेव्हा भांडला नाही, उलट एकदम गोड. म्हणाला माल परत पाठवा, फक्त जसा पाठवला होता तसाच्या तसा हवा. मी प्लग काढला होता, लाकूड पुसलं होतं, बटप्लेटसाठी थोडी चिझल चालवली होती. झालं, 'तुम्ही त्यात बदल केलेत'. अरे बाबा, किट ही वस्तूच अशी आहे की बदल केल्याशिवाय ती वापरता येत नाही! नेमकं हेच हेरून तो किट विकतो, तयार बंदूक विकत नाही. दोष दिसायला हात लावावा लागतो आणि हात लागला की माल तुमचा. बँकेला विचारलं तर पैसे तुम्हीच पाठवलेत आणि ट्रॅकिंगवर पार्सल पोचलेलं दिसतंय, विषय संपला. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले हा दिवाणी मामला.

फोटो नंतर मी इमेज सर्चला टाकले, ते दुसऱ्याच एका बिल्डरच्या जुन्या कामाचे निघाले. त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. आणि आता तोच विक्रेता परत दिसतोय, नाव बदललंय, कापड तेच हिरवं, या वेळी वडिलांच्या जागी काका वारलेत.

तर घेणार असाल तर क्रेडिट कार्डानेच घ्या नाहीतर पेपॅलच्या गुड्स अँड सर्व्हिसेसने, म्हणजे खरेदीच्या पद्धतीने, आणि नाही म्हणाला तर सोडून द्या, किटं पळून जात नाहीत. पार्ट मांडून आज काढलेला व्हिडिओ मागा, त्यात लाकूड उजेडात फिरवायला सांगा आणि खोबणीचा आतला भाग दाखवायला सांगा, नळी तीन ठिकाणी मोजून दाखवायला सांगा. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा आणि कानस, चिझल हातात घ्यायच्या आधी सगळं जाणकाराला दाखवा. जमलं तर इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे, तिथे नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे मेळावे भरतात, विक्रेते समोर बसलेले असतात, नळी हातात घेऊन बघता येते. लांब पडतं खरं, पण मी आता जाणार आहे.

मी पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे, म्हणजे पोस्टाच्या तपास खात्याकडे, तक्रार दिलीये, कारण माल पोस्टाने आलेला आणि पोस्टातून फसवणूक हा फेडरल गुन्हा आहे, एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार साइटवर पण भरलीये. अजून कोणाचा फोन नाही. एकट्याच्या तक्रारीला कोण विचारतंय, म्हणून कोणाकडे हिरव्या कापडाच्या फोटोंवरून घेतलेलं किट पडलेलं असेल तर प्लग जाणकाराकडून उघडून घ्या, टेप निघाली तर तशीच राहू द्या, फोटो काढा आणि तुमचीही तक्रार टाका.