जुन्या वर्कहाऊसमधला फ्लॅट घ्यावा की नवा कोरा?

इंग्लंडात घर शोधताना जाहिरातीत उंच छत, लाल विटा, ऐतिहासिक वास्तू असं काही दिसलं की जीव तिथेच अडकतो, आमचा पण अडकला होता. मग कळलं की हे वर्कहाऊस, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात खायला-राहायला देणारी जागा. १८३४ च्या कायद्यानंतर गरिबांसाठी अशी ढिगाने बांधली, आत गेलं की नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. चार्ली चॅप्लिन लहानपणी लंडनमधल्या लँबेथच्या वर्कहाऊसात राहिलाय. १९३० ला ही व्यवस्था कागदोपत्री संपली, पुढे बऱ्याच इमारतींची हॉस्पिटलं झाली आणि आता फ्लॅट. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आधी वास्तुशांत कर.

भुताखेतांचं सोडा, खरी भानगड भिंतीची. जुनी भिंत भरीव विटांची, मधे पोकळी नाही, चुन्यात बांधलेली, म्हणजे ओल आत शिरते तशी बाहेरही जाते. पण मधल्या काळात कुणी विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या असतील तर ओल अडकून बसते. आम्ही बघायला गेलो तेव्हा सगळीकडे ताजा रंग, खिडकीखालचा सोफा जरा सरकवला तर मागे पोपडे! एजंट म्हणे हवा खेळती ठेवा. जुन्या इमारती कळणारा सर्व्हेअरच (घर विकत घेण्याआधी तपासून देणारा) घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुसरं म्हणजे बऱ्याचदा इमारत लिस्टेड असते, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेली. खिडक्या एकेरी काचेच्या, त्या बदलायला काउन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची परवानगी लागते आणि न विचारता बदलल्या तर तो चक्क फौजदारी गुन्हा. आधीच्या मालकाने काही केलं असेल तरी पूर्ववत करायची नोटीस तुम्हालाच येऊ शकते, त्यामुळे सॉलिसिटरकडून, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाकडून जुने परवाने मागवाच. आतल्या बाजूने दुसरी काच लावायला मात्र बहुधा हो म्हणतात.

नव्या फ्लॅटला हा ताप नाही. हीटिंगचं बिल कमी, साधारण १० वर्षांची वॉरंटी, आणि ३० जून २०२२ नंतरची लीज (ठरावीक वर्षांचा मालकी करार) असेल तर ग्राउंड रेंट, म्हणजे जमीनमालकाला द्यायचं भाडं, जवळपास शून्य. सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा वाटा, दोन्हीकडे आहेच, पण जुन्या स्लेटच्या छपराचं काम निघालं की आकडा बघून घाम फुटतो.

माझं मत विचाराल तर छप्पर नुकतं झालंय, दरजा चुन्याच्या आहेत आणि दहा वर्षं हलायचं नाहीये, असं असेल तर जुनाच घ्या, तसा उजेड नव्यात मिळत नाही. आम्ही पोपडे बघून नवा घेतला. उबदार आहे, पण सकाळी सहाला शेजाऱ्याचा फोन त्याच्या टेबलावर थरथरतो आणि जाग आम्हाला येते.