यूएन व्हॉलंटियर्स: परतल्यावर हिशेब जुळावा म्हणून जाण्याआधी काय तपासायचं

परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करायचं असेल तर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या तरुणांनी सगळ्यात आधी संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, पाहावा असं आमचं मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली तो सुरू केला. मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे आणि कारभार यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत चालतो. अर्जापासून नेमणुकीपर्यंत उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. राहण्याखाण्यापुरता मासिक भत्ता, जाण्यायेण्याचा खर्च, आरोग्य विमा आणि महिन्याला अडीच दिवसांची रजा मिळते. एवढं असूनही काही जण हिरमुसून परत येतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कार्यक्रमाने जे कबूल केलंच नव्हतं त्याची आशा धरलेली असते.

सगळ्यात मोठी आशा नोकरीची. स्वयंसेवक हा संयुक्त राष्ट्रांचा कर्मचारी नसतो आणि करार संपला की पुढच्या नोकरीचा हक्क राहत नाही. नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. ओळखी होतात, आतली कामाची पद्धत कळते, पुढच्या अर्जाला त्याचं वजन येतं. पण निवड पुन्हा खुल्या स्पर्धेतूनच होते. ‘एकदा आत शिरलो की झालं’ या भरवशावर इथली चालू नोकरी सोडणाऱ्याने हा नियम दोनदा वाचावा.

दुसरी आशा गावात, लोकांमध्ये काम करायची. बऱ्याच जागा राजधानीतल्या कार्यालयात असतात आणि दिवस आकडेवारी, अहवाल, बैठका, ईमेल यांत जातो. हे काम हलकं नाही, पण हातात फावडं घेऊन विहीर खणायचं चित्र मनात असेल तर पहिल्याच महिन्यात उमेद खचते.

हे टाळायचं असेल तर जाहिरातीसोबतचं कामाचं वर्णनपत्र नीट वाचायला हवं. इंग्रजीत त्याला ‘डिस्क्रिप्शन ऑफ असाइनमेंट’ म्हणतात, बोलताना सगळे ‘डीओए’ म्हणतात. बहुतेक जण हुद्दा आणि देश पाहून अर्ज टाकतात, तिथेच चूक होते. आधी कामांच्या यादीतली क्रियापदं बघा. ‘मसुदा तयार करणे’, ‘समन्वयाला साहाय्य’, ‘माहिती संकलन’ अशीच असतील तर काम टेबलावरचं आहे. ‘क्षेत्रभेट’ एकाच ओळीत शेवटी असेल तर ती क्वचितच घडते. मग अपेक्षित फलितं पाहा. ‘महिन्याला एक अहवाल’, ‘अमुक प्रशिक्षणं’ असं मोजता येण्यासारखं लिहिलं असेल तर त्या कार्यालयाला आपल्याला काय हवं ते माहीत आहे. फलितं गुळमुळीत असतील तर तुमचं काम तिथे गेल्यावर ठरेल आणि महिनोन्महिने बदलत राहील. तिसरी गोष्ट, ठिकाणाची श्रेणी. ‘एच’ म्हणजे मुख्यालयांची शहरं. ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत राहणीमानाची अडचण वाढत जाते. ‘डी’ किंवा ‘ई’ ठिकाणी वीज, दवाखाना, संध्याकाळनंतर बाहेर पडणं, सगळ्यावर मर्यादा असू शकतात. कुटुंब सोबत नेता येतं का, हेही त्याच कागदात असतं. शेवटी भाषा. आपल्याकडची मराठी, कन्नड, हिंदी, कोकणी रोजच्या व्यवहारात कितीही कामाला येवो, पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक जागांना फ्रेंच सक्तीची असते आणि तिथे इंग्रजीवर भागत नाही.

वयाचे गट ठरलेले आहेत: युवा स्वयंसेवक १८ ते २६, स्पेशालिस्ट २७ पासून, किमान तीन वर्षांच्या अनुभवासह, एक्सपर्ट ३५ पासून, किमान पंधरा वर्षांच्या अनुभवासह. आधीचं काम कमी असेल तर कॉलेजातल्या एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांतले २४० तास आणि निवासी शिबिर अर्जात तपशिलाने लिहावं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मदतकार्य केलं असेल तर तेही. मात्र ‘पूरग्रस्तांना मदत केली’ एवढ्यावर भागवू नये. किती कुटुंबांची यादी केली, धान्य कुठून आणलं, वाटप कसं नोंदवलं, कुठे गफलत झाली आणि ती कशी निस्तरली हे सांगावं. मुलाखतीत असेच प्रसंग विचारतात.

भत्त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. त्यातून सन्मानाने राहता येतं. घरचं कर्ज फेडायचा बेत त्यावर आखू नये. रक्कम शहरातल्या महागाईप्रमाणे बदलते, म्हणून दोन देशांचे डॉलरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. खरी कोंडी पहिल्या महिन्यात होते. आफ्रिकेतल्या बऱ्याच शहरांत घरमालक काही महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात आणि सुरुवातीला बस्तान बसवायला मिळणारी एकरकमी रक्कम तिथेच संपते. हाताशी वेगळे पैसे ठेवून निघावं.

आपल्या भागातली अडचण कागदांची. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर नुसती आद्याक्षरं, पासपोर्टवर पूर्ण आडनाव आणि डिग्रीवर तिसरंच स्पेलिंग, हे इथे घरोघरी आहे. यूएनव्हीच्या पोर्टलवर प्रोफाइल भरताना नाव पासपोर्टप्रमाणेच टाकावं आणि बाकीची नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. निवडीनंतर वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमीची पडताळणी एकदमच सुरू होते, तेव्हा तहसील आणि नोटरीच्या फेऱ्यांना सवड नसते. जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ असलं तर घाबरू नका, तो अधिकृत नामबदल आहे.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती प्रवेशाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ती फक्त नेमलेल्या केंद्रांवर मिळते. बेळगावकरांनी बेंगळुरूलाच धावायची गरज नाही. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयातही सोय आहे. आधी फोन करून दिवस ठरवावा. आणि ते प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक परतीच्या प्रवासातही हाताशी हवं. बाधित देशातून त्याशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पैसे भरून दोनचार आठवडे परदेशी ‘सेवा’ करवणाऱ्या पॅकेजांची आम्ही शिफारस करत नाही. त्यातली अनाथालयाची पॅकेजं तर पूर्ण टाळावीत. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांचा पैसा येत राहिला की मुलांना घरापासून दूर ठेवण्यातच कुणाचा तरी फायदा होतो, आणि पंधरा दिवस माया लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग त्या मुलांना सोसावी लागते. जिथे नोंदणी फी मागतात तिथे तीन गोष्टी लेखी विचारा: पैशातला किती भाग स्थानिक संस्थेला जातो, व्हिसा कुठल्या प्रकारचा, आणि हेच काम गावातल्या माणसाला मजुरी देऊन का करवत नाही. यूएनव्हीच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक समजा.

घर सोडण्याआधी स्वतःला जोखायचं असेल तर यूएनव्हीचाच ऑनलाइन स्वयंसेवेचा मार्ग उत्तम आहे. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, बारा आठवड्यांपर्यंत. भाषांतर, डिझाइन, माहितीचं विश्लेषण अशी कामं घरबसल्या करता येतात. पैसे मिळत नाहीत, पण दुसऱ्या देशातल्या वरिष्ठाच्या हाताखाली आपलं जमतं का, ते नक्की कळतं.

प्रत्यक्ष गेलात तर बारा महिन्यांच्या करारात पहिले तीन महिने शिकण्यात आणि शेवटचे दोन काम सोपवण्यात जातात असं धरून चाला. हातात साधारण सात महिने उरतात. तेवढ्या वेळात एक पद्धत बसवली, एक नोंदवही चालू केली, दोन स्थानिक सहकाऱ्यांना ती शिकवली, तर काम चांगलं झालं. निघण्याआधी सेवेचं प्रमाणपत्र आणि वरिष्ठांचं कामाचा तपशील देणारं पत्र मागून घ्या, कारण वरिष्ठांची बदली झाली की ते मिळवणं फार कठीण जातं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या कारखान्याच्या मॅनेजरला यूएनव्ही म्हणजे काय ते ठाऊक असेलच असं नाही. त्याच्यासाठी बायोडाटात संस्थेच्या नावाखाली किती लोकांचं पथक, किती रकमेचं काम आणि कुठली मुदत पाळली ते आकड्यांत लिहा.